मशीन प्लगवर लावायचं की फिक्स कनेक्शन करायचं? स्वयंपाकघराच्या वायरिंगआधी मालकाने सोडवायचे चार प्रश्न



फूड बिझनेसच्या सेटअपवर आपली मालिका चालू आहे. जागा झाली, मेन्यू झाला, मशीनची कोटेशन्स कशी वाचायची तेही झालं. आजचा विषय असा आहे की बहुतेक जण तो वायरमनवर सोडून मोकळे होतात. मशीन दुकानात आलं, आता त्याला लाईट कशी द्यायची? भिंतीवर सॉकेट लावून प्लग घालायचा, की वायर थेट मशीनला जोडून कायमचं कनेक्शन करायचं?

एक ओव्हन घ्यायचा तर आपण महिनाभर चार डीलर फिरतो. आणि त्याला करंट कसा द्यायचा हे ठरतं पाच मिनिटांत, तेही वायरमनच्या पिशवीत त्या दिवशी जे सामान असेल त्यावर. मग ऐन दिवाळीच्या ऑर्डरीत सॉकेट जळतं, फ्रीजर रात्रभर बंद राहतो, नाहीतर ओल्या फरशीवर उभ्या पोराला झटका बसतो. पहिल्या दोन गोष्टींत पैसे जातात. तिसऱ्या गोष्टीत काय जाऊ शकतं हे सांगायला नको.

मी बीबीए केलेला दुकानदार आहे, इलेक्ट्रिशियन नाही. त्यामुळे हा लेख वाचून पक्कड हातात घेऊ नका. वायरिंगचं काम राज्य सरकारचं लायसन असलेल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्यायचं, हा कायदाच आहे. पण काय हवंय हे मालकाला कळलं पाहिजे. तेवढ्यासाठी हा लेख.

आधी शब्द नीट समजून घेऊ

दुकानात मशीन तीन प्रकारे जोडलेलं दिसतं.

पहिला, प्लगवर. मशीनसोबत आलेली लवचिक वायर, तिच्या टोकाला थ्री-पिन प्लग, भिंतीवर स्विच आणि सॉकेट. आपल्याकडे दोन साइज आहेत: ६ अँपियरचा छोटा आणि १६ अँपियरचा मोठा. जुनी माणसं यांना अजून ५ आणि १५ अँपियर म्हणतात.

दुसरा, फिक्स कनेक्शन. डीबीतून, म्हणजे एमसीबीच्या डब्यातून, त्या मशीनसाठी वेगळी वायर निघते. वाटेत मशीनजवळ आयसोलेटर किंवा डबल पोल स्विच असतो. तिथून वायर थेट मशीनच्या टर्मिनलला कसली जाते. मध्ये प्लग नाही.

तिसरा, 'डायरेक्ट'. वायरची टोकं सोलायची, सॉकेटच्या भोकात खुपसायची आणि सुटू नयेत म्हणून काडेपेटीची काडी ठोकायची. हे तुम्ही पाहिलेलं आहे, आणि मी पण पाहिलंय. याला कनेक्शन म्हणत नाहीत. अर्थिंग बहुतेक वेळा जोडलेलंच नसतं, आणि कुणाचा पाय अडकला की उघडी तार बाहेर.

आता घोळ कुठे होतो? आपला वायरमन दुसऱ्या प्रकारालाही 'डायरेक्ट' म्हणतो आणि तिसऱ्यालाही. म्हणून "दादा, ओव्हनला डायरेक्ट करून टाका" असं कधीच सांगू नका. "ओव्हनला स्वतंत्र एमसीबी आणि जवळ आयसोलेटर टाकून फिक्स कनेक्शन करा" असं पूर्ण वाक्य बोला. बिलावर आणि कोटेशनवरही तसंच लिहून घ्या.

प्रश्न १: मशीन किती अँपियर खातं?

हिशेब सोपा आहे. मशीनच्या मागे प्लेट असते, तिच्यावरचे वॅट बघा आणि २३० ने भागा. आलेला आकडा म्हणजे सिंगल फेजवर लागणारे अँपियर.

- मिक्सर ७५० वॅट: साधारण ३.३ अँपियर
- मायक्रोवेव्ह १४०० वॅट: ६.१ अँपियर
- सँडविच ग्रिलर २००० वॅट: ८.७ अँपियर
- फ्रायर २५०० वॅट: १०.९ अँपियर
- कमर्शियल इंडक्शन ३५०० वॅट: १५.२ अँपियर
- ४००० वॅटचं कुठलंही मशीन: १७.४ अँपियर

मायक्रोवेव्ह बघा. जाहिरातीत ९०० वॅट लिहिलेलं असतं, ते जेवण गरम करण्याचं आउटपुट. भिंतीतून तो ओढतो ते इनपुट वेगळं आणि जास्त. छोट्या ६ अँपियरच्या सॉकेटची हद्द २३० व्होल्टला १३८० वॅटवर संपते. म्हणजे १४०० वॅटचा मायक्रोवेव्ह छोट्या सॉकेटवर बसत नाही. कन्व्हर्टर लावून बसवला तर मशीन चालतं, पण मागे सॉकेट भाजत राहतं.

१६ अँपियरचा मोठा प्लग कागदावर ३६८० वॅट घेतो. मग ३५०० वॅटचं इंडक्शन चालेल? घरी पंधरा मिनिटं चालवायचं असेल तर वेगळी गोष्ट. तुमच्या दुकानात ते सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत पेटलेलं असणार. प्लगची पिन आणि सॉकेटची पत्ती जिथे टेकतात तिथे उष्णता तयार होते, आणि ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट ८ चा १६ अँपियर झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. त्यात रोज काढ-घाल करून पत्ती सैल झाली, तेल-पिठाचा थर बसला, की आणखी भर पडते.

म्हणून मी माझ्या बॅचला एक व्यवहारी नियम सांगतो: तासन्तास चालणारं हीटिंगचं मशीन असेल तर १६ अँपियरच्या प्लगवर ३ किलोवॅटच्या वर जाऊ नका. त्यापुढे फिक्स कनेक्शन किंवा इंडस्ट्रियल प्लग. इंडस्ट्रियल प्लगबद्दल पुढे बोलूच.

थ्री फेज मशीन असेल तर साधा प्लग हा पर्यायच राहत नाही. ६ किलोवॅटचा थ्री फेज ओव्हन प्रत्येक फेजवर साधारण साडेआठ अँपियर घेतो. आकडा छोटा दिसतो, पण तिथे ४१५ व्होल्टची लाइन आहे.

"एमसीबी आहे ना, पडेल की!"

हे वाक्य मला प्रत्येक बॅचमध्ये ऐकायला मिळतं, म्हणून इथे जरा थांबू.

एमसीबी वायरचं रक्षण करतो, तेही ठरलेल्या मर्यादेत. १६ अँपियरचा एमसीबी १६.१ ला पडत नाही. त्याच्या मानकाप्रमाणे १.१३ पट, म्हणजे साधारण १८ अँपियर, तो न पडता वाहून नेऊ शकतो. १.४५ पट, म्हणजे साधारण २३ अँपियर झाले तर तासाभरात पडला पाहिजे. तासाभरात! तोपर्यंत सैल सॉकेटचं काय होईल विचार करा.

आणि त्याहून महत्त्वाचं. सॉकेटची पत्ती सैल झाली तर करंट वाढत नाही. फ्रायर आधी ११ अँपियर घेत होता, आताही तेवढेच घेतो. फक्त त्या सैल जागी ठिणग्या आणि उष्णता. एमसीबीला यातलं काही कळत नाही. सॉकेट काळं पडून वितळेपर्यंत तो शांत बसून राहतो.

माझ्या बॅचमधल्या एका ताईंचं पावभाजी-सँडविचचं दुकान आहे. ग्रिलर आणि फ्रायर एकाच बोर्डावर, मल्टिप्लग लावून. सॉकेट दोन महिन्यांत तीन वेळा बदललं. वायरमन म्हणाला, "ताई, माल हलका येतोय हल्ली." मी त्यांना दोन्ही मशीनच्या प्लेटचे फोटो पाठवायला सांगितले. २००० अधिक २५००, म्हणजे ४५०० वॅट. जवळजवळ साडेएकोणीस अँपियर एका १६ अँपियरच्या सॉकेटमधून! माल चांगला असता तरी जळलाच असता. दोन वेगळ्या लाइन, दोन वेगळी सॉकेट केली आणि विषय संपला. त्यांच्या मशीनला फिक्स कनेक्शनची गरजच नव्हती. म्हणून सांगतो, आधी भागाकार करा, मग निर्णय घ्या.

घरच्या घरी तपासणी: मशीन तासभर पूर्ण लोडवर चालवा. मग स्विच बंद करा आणि कोरड्या हाताने प्लगच्या बाहेरच्या प्लास्टिकला हात लावा. कोमट लागलं तर ठीक. हात ठेववत नसेल, सॉकेट तपकिरी पडलं असेल किंवा जळका वास येत असेल, तर ते मशीन उद्या त्या सॉकेटवर चालवायचं नाही.

प्रश्न २: मशीन जागेवरून हलतं का?

मिक्सर, ब्लेंडर, छोटा ग्रिलर, वजनकाटा या गोष्टी रोज इकडून तिकडे होतात. धुवायला सिंकजवळ जातात, बिघडल्या की रिपेअरला जातात. यांना प्लगच हवा.

धंद्याच्या नजरेने बघा. गणपतीत मोदकांची ऑर्डर चालू आहे आणि मिक्सर बंद पडला. प्लगवर असेल तर शेजारच्याचा मिक्सर आणून दोन मिनिटांत काम सुरू. फिक्स असेल तर वायरमन शोधा, आणि सणाच्या दिवशी तो फोन उचलत नाही. जे मशीन बंद पडलं तर लगेच दुसरं जोडता आलं पाहिजे, ते प्लगवर ठेवा.

उलट डेक ओव्हन, मोठं डिशवॉशर, भिंतीवरचा गिझर, छतावरच्या एक्झॉस्टची मोटर हे एकदा बसले की बसले. इथे रोज प्लग काढायचा प्रश्नच नाही, मग सैल होणारा एक जोड मध्ये ठेवायचा कशाला? फिक्स करा. फक्त ओव्हनमागची साफसफाई करता यावी म्हणून शेवटच्या मीटरभर लवचिक वायर ठेवा, ती फ्लेक्झिबल पाइपमधून न्या आणि मशीनमध्ये शिरते तिथे ग्लँड लावून घ्या. म्हणजे पत्र्याच्या कडेने वायर कापली जाणार नाही. ओव्हनच्या गरम बाजूला साधी पीव्हीसी वायर चालत नाही, उष्णता सोसणारी वायर लागते. हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.

प्रश्न ३: मशीन पूर्ण बंद कोण, कसं आणि कुठे उभं राहून करणार?

चारही प्रश्नांत सगळ्यात महत्त्वाचा हाच.

प्लगचा एक मोठा फायदा आहे: काढला की बंद, आणि डोळ्यांना दिसतं. पिठाच्या मशीनच्या भांड्यात हात घालून पातं साफ करणाऱ्या पोराला सांगा, "प्लग काढून ओट्यावर ठेव, मगच हात घाल." यात शंकेला जागा नाही.

नुसता स्विच बंद करून हे होत नाही. साध्या बोर्डावरचा स्विच बहुतेक वेळा एकच वायर तोडतो. वायरिंग करताना फेज आणि न्यूट्रल उलटे झाले असतील तर स्विच बंद असूनही मशीनच्या आत फेज येऊन उभा असतो. म्हणून फिक्स कनेक्शनला डबल पोल स्विच किंवा आयसोलेटर हवाच, जो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. थ्री फेजला फोर पोल.

आयसोलेटर आणि एमसीबी दिसायला जुळ्या भावांसारखे असतात, पण काम वेगळं. आयसोलेटर नुसता तोडतो, ओव्हरलोड झाला तरी आपोआप पडत नाही. म्हणून दोन्ही लागतात: डीबीत एमसीबी, मशीनजवळ आयसोलेटर.

आता आयसोलेटर लावायचा कुठे? मशीनच्या मागे नको. फ्रायरच्या वर तर मुळीच नको. तेल पेटलं आणि बंद करायला उकळत्या कढईवरून हात न्यावा लागला, तर कुणी हात नेणार नाही, आणि न्यायलाही नको. मशीनच्या बाजूला, हातभर अंतरावर, उभ्या माणसाला दिसेल असा लावा. त्यावर मशीनचं नाव मराठीत, आणि तुमचे कारागीर हिंदी वाचणारे असतील तर हिंदीतही लिहा. भांडी घासणाऱ्या मावशींनाही तो कुठे आहे हे माहीत पाहिजे.

मोठ्या पिठाच्या मशीनला कुलूप लावता येईल असा आयसोलेटर घ्या. साफ करणाऱ्याने बंद करून कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. नाहीतर आतला माणूस साफ करतोय आणि बाहेरचा "अरे, हे बंद का पडलंय?" म्हणत चालू करतो, असं होऊ शकतं.

प्रश्न ४: मॅन्युअल काय म्हणतं, आणि जागा कुणाची?

मशीनसोबत कंपनीने प्लग बसवून दिला असेल तर तो कापण्याआधी मॅन्युअल वाचा. बहुतेक मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की वायर खराब झाली तर ती कंपनीने किंवा त्यांच्या सर्व्हिसवाल्यानेच बदलायची. तुम्ही प्लग कापून वायर भिंतीत घातली आणि चार महिन्यांत कंट्रोल कार्ड उडालं, तर वॉरंटीच्या वेळी पहिला प्रश्न त्या कापलेल्या वायरचा येणार. उलट काही मशीन विना-प्लग येतात, आणि त्यांच्या मॅन्युअलमध्ये फिक्स वायरिंगमध्ये तोडण्याची सोय ठेवा असं सांगितलेलं असतं. तिथे प्लग जोडणं चूक. इन्स्टॉलेशन कंपनीच्या माणसाकडून होणार असेल तर तो येण्याआधी काय तयार ठेवायचं ते व्हॉट्सॲपवर लिहून मागवा.

दुसरी बाजू भाड्याच्या गाळ्याची. आपल्याकडे बहुतेक लिव्ह अँड लायसन्स ११ महिन्यांचं. भिंत फोडून पाइप टाकले, मोठी केबल ओढली, तर ते मालकाचं झालं असं समजूनच चला. म्हणून दोन गोष्टी करा. वायरिंगची परवानगी लेखी घ्या. आणि जाताना डीबी, आयसोलेटर, इंडस्ट्रियल सॉकेट यांतलं काय तुम्ही काढून नेणार याची यादी करारालाच जोडा. तोंडी "होऊन जाईल हो" यावर विसंबू नका.

मधला मार्ग: इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट

लोड मोठा आहे, पण जागा भाड्याची आहे किंवा मशीन अधूनमधून हलवायचं आहे, तेव्हा काय? लग्नाच्या हॉलमध्ये, मंडपाच्या जनरेटरजवळ तुम्ही गोल, जाड, निळे-लाल प्लग पाहिले असतील. तेच. निळा २३० व्होल्टसाठी, लाल ४१५ व्होल्टच्या थ्री फेजसाठी. १६, ३२, ६३ अँपियरमध्ये मिळतात. पकड घट्ट असते, झाकण असतं, पाण्याचे शिंतोडे सोसणारे प्रकार मिळतात. साध्या सॉकेटपेक्षा महाग पडतात, पण गाळा सोडताना मशीनसोबत निघतात.

यातच एसीसाठी वापरतात तो २० अँपियरचा मेटल बॉक्स, म्हणजे एमसीबीसकट सॉकेट, हाही छोट्या दुकानात एका मशीनपुरता कामाला येतो.

एक सूचना. थ्री फेज मोटरचं मशीन हलवून दुसरीकडे जोडलं की आधी रिकामं चालवून फिरण्याची दिशा बघा. दोन फेज अदलाबदल झाले की मोटर उलटी फिरते.

आता एक दुकान घेऊन बघू

समजा दोनशे चौरस फुटांची बेकरी-कम-स्नॅक सेंटर आहे. चारही प्रश्न लावून असं ठरेल:

- डेक ओव्हन, ६ किलोवॅट, थ्री फेज: हलत नाही, लोड मोठा. फिक्स, फोर पोल आयसोलेटर बाजूच्या भिंतीवर. गाळा भाड्याचा असेल आणि मॅन्युअलची हरकत नसेल तर लाल इंडस्ट्रियल प्लग.
- फ्रायर, २.५ किलोवॅट: १६ अँपियरचा प्लग चालेल, पण सॉकेट स्वतंत्र. बोर्ड फ्रायरच्या बाजूला, वर किंवा मागे नाही.
- सँडविच ग्रिलर, २ किलोवॅट: १६ अँपियर, तेही स्वतंत्र.
- पिठाचं प्लॅनेटरी मिक्सर, १ एचपी: साफ करताना हात आत जातो, म्हणून प्लग काढता येणं सोयीचं. मोटर सुरू होताना काही क्षण पाच-सात पट करंट ओढते. म्हणून 'सी' प्रकारचा एमसीबी मागा, नाहीतर चालू करताना उगाच पडत राहील.
- मायक्रोवेव्ह, १.४ किलोवॅट: १६ अँपियरचं सॉकेट.
- मिक्सर, ७५० वॅट: ६ अँपियरचं सॉकेट, ओट्यापासून वीतभर वर आणि सिंकपासून लांब.
- डीप फ्रीजर, ३०० वॅट: प्लगवर, पण स्वतःच्या वेगळ्या लाइनवर. रात्री दुकान बंद करताना पोरं सगळे स्विच खटाखट पाडतात, त्यात हा पडता कामा नये. स्विचवर झाकण लावा आणि "बंद करू नये" लिहा.

एचपीचं मशीन साधारण १ किलोवॅट इनपुट धरा. बेरीज येते जवळजवळ १४ किलोवॅट, लाइट-पंखे-एक्झॉस्ट वेगळे. सगळी मशीन एकाच वेळी पूर्ण ताकदीने चालणार नाहीत, तरी आता तुमचं वीजबिल काढा आणि 'मंजूर भार' बघा. तिथे ३ किलोवॅट लिहिलं असेल तर प्लग की फिक्स हा प्रश्न नंतरचा. आधी भार वाढवण्याचा अर्ज करा. आणि थ्री फेज कनेक्शन असेल तर फ्रायर, ग्रिलर, मायक्रोवेव्ह वेगवेगळ्या फेजवर वाटून घ्या, तिन्ही एकाच फेजवर नकोत.

प्लग असो की फिक्स, या तीन गोष्टी हव्यातच

अर्थिंग. आपल्या प्लगची वरची पिन जाड आणि लांब का असते? ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. पण सॉकेटच्या मागे अर्थची वायरच नसेल तर त्या पिनेचा उपयोग शून्य. जुन्या गाळ्यात हे मीटरने तपासून घ्या. स्टीलच्या बॉडीचं मशीन, ओली फरशी आणि अनवाणी माणूस, तिथे अर्थिंगशिवाय दुकान उघडूच नका.

आरसीसीबी, ३० मिलिअँपियर. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवायला असतो. त्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघा. दाबल्यावर पडलाच पाहिजे. मात्र अख्ख्या दुकानाला एकच आरसीसीबी लावू नका. ग्रिलरच्या कॉइलमध्ये ओल शिरून लीकेज झालं की तो पडेल आणि सोबत फ्रीजरही बंद. रात्री पडला तर सकाळी आइस्क्रीमचं दूध झालेलं असेल. फ्रीजरला वेगळा द्या. आणि आरसीसीबी सारखा पडतो म्हणून कुणी तो काढून टाकायला सांगितलं, तर त्या माणसाला पुन्हा बोलावू नका. तो पडतोय म्हणजे लीकेज कुठेतरी आहे, ते शोधायचं.

स्वतंत्र लाइन आणि योग्य वायर. १ किलोवॅटच्या वरच्या प्रत्येक हीटिंग मशीनला स्वतंत्र लाइन. १६ अँपियरच्या पॉइंटला तांब्याची अडीच किंवा चार एमएम वायर लागते. नेमकी कोणती, ते अंतर, पाइपमधली गर्दी आणि गरमी बघून कॉन्ट्रॅक्टर ठरवेल. तुम्ही फक्त विचारा, "एमसीबी किती अँपियरचा आणि त्यामागे वायर किती एमएमची?" एमसीबी पडतो म्हणून मोठा एमसीबी टाकला आणि वायर तीच ठेवली, तर एमसीबीच्या आधी वायर जळेल.

वायरमनशी बोलताना

वायरमनदादाशी वाद घालायचा नाही, त्याचा अनुभव मोठा असतो. पण यादी आपली असली पाहिजे. काम सुरू होण्याआधी विचारा:

१. लायसन कुणाच्या नावावर आहे, आणि बिल त्याच नावाने मिळेल का?
२. कुठलं मशीन कुठल्या एमसीबीवर? डीबीच्या दारावर चिकटवायला तक्ता द्याल का?
३. फिक्स मशीनचा आयसोलेटर कुठे येणार? भिंतीवर खडूने खूण करून दाखवाल का?
४. काम झाल्यावर अर्थिंग आणि इन्सुलेशन तपासून आकडे लिहून द्याल का?
५. सॉकेट, एमसीबी, वायर आयएसआय मार्कची आहे ना? खोके आणि बिलं मला हवीत.

ही कागदं फाइलला लावा. आग-विम्याचा क्लेम आला तर सर्व्हेअर वायरिंगबद्दल विचारू शकतो, तेव्हा बिल आणि रिपोर्ट हातात असलेले बरे.

थोडक्यात

हलणारं, धुवायचं, लगेच बदलावं लागणारं आणि ३ किलोवॅटच्या आतलं मशीन प्लगवर. जागेवर बसलेलं, तासन्तास तापणारं, मोठ्या लोडचं मशीन फिक्स. लोड मोठा पण जागा आपली नाही, तिथे इंडस्ट्रियल प्लग. मशीनच्या मॅन्युअलने यातलं काही वेगळं सांगितलं असेल तर मॅन्युअलचं ऐका. आणि काहीही निवडलं तरी मशीन पूर्ण तोडणारी एक सोय हाताच्या अंतरावर, सगळ्यांना माहीत असलेली.

आजचा होमवर्क: वही घ्या, पाच रकाने आखा: मशीन, वॅट, अँपियर, हलतं का, कनेक्शन कसं. दुकान चालू असेल तर आज रात्री गल्ला मोजून झाला की भरा. दुकान अजून व्हायचं असेल तर कोटेशनमधल्या मशीनवरून भरा. हा कागद हातात घेऊनच वायरमनला फोन करा. तासाभराचं काम आहे, आणि भिंत फोडण्याआधी केलं तर फुकटात होतं.

पुढच्या भागात बघू, मंजूर भार वाढवायचा अर्ज आणि स्थिर आकाराचा महिन्याच्या खर्चावर होणारा परिणाम. तोपर्यंत काळजी घ्या, धंदा वाढवा!